महाधमनीतली गुठळी आणि पक्षाघात

नमस्कार श्रोतेहो. पक्षाघात म्हटलं की आपण मेंदूचा विचार करतो, फार तर हृदयाचा. आज बोलू या महाधमनीबद्दल. हृदयातून वर निघून ती कमानीसारखी वळते आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या कमानीतूनच फुटतात. तिथे आतून चरबीचा थर साचला, त्यावर गुठळी धरली, की तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकतो.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. मोठ्यानं वर्तमानपत्र वाचताना त्यांची जीभ जड झाली, उजव्या हातातून पान निसटलं. त्यांच्या पत्नीनं आधी घड्याळ पाहिलं. ती वेळ नेमकी कळली म्हणून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. अशा वेळी बोटांना सुई टोचून रक्त काढा, असे निरोप मोबाइलवर फिरतात. ते पुढे पाठवू नका, माझी कळकळीची विनंती आहे. घरच्या घरी ॲस्पिरिनही देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो.

सर बोलायला लागले. पण गुठळी आली कुठून? मानेतल्या रक्तवाहिन्या स्वच्छ, हृदयाचे ठोके नियमित, छातीवरून केलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही चांगली. एमआरआयमध्ये मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके होते. दोन्ही बाजूंना, बरं का! म्हणजे उगम मानेच्या खाली. अन्ननलिका महाधमनीला खेटून असते, म्हणून सरांचा घसा बधिर करून तिच्यातून इकोची नळी उतरवली. कमानीत जाड थर दिसला आणि त्याच्या टोकाला, प्रत्येक ठोक्यासरशी हलणारी गुठळी. ‘कारण कळलं नाही’ असं लिहून रुग्णाला घाईनं घरी पाठवणं मला पटत नाही, ते यासाठीच.

हा थर ४ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर धोका बराच वाढतो. सरांना काही महिने रक्त पातळ करणारं औषध दिलं आणि पुन्हा इको केला, तेव्हा गुठळी विरघळली होती. नुसता थर असेल तर बहुधा ॲस्पिरिनसारखी गोळी पुरते. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, मात्र गुठळी असो की नुसता थर, दोन्हींत हवीच. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७०च्या खाली हवं. रक्तदाब आटोक्यात, तंबाखू बंद. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नका.

आणखी एक. पक्षाघाताच्या आधी छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ आली असेल, तर दवाखान्यात पोचताच सांगा. महाधमनीचं अस्तर फाटलेलं असेल, तर तेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिवावर बेततं.