स्कायलॅबची छत्री

नमस्कार श्रोतेहो. साठीच्या पुढच्या मंडळींना ‘स्कायलॅब’ म्हटलं की १९७९ चा जुलै महिना आठवेल. हे अमेरिकेचं अंतराळस्थानक आज पडणार, उद्या पडणार, आपल्याच डोक्यावर पडणार! शेवटी तिचे तुकडे पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. पण त्या पडण्याच्या गडबडीत तिची खरी गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगितलीच नाही. ती आहे १९७३ ची.

१४ मे रोजी अमेरिकेने आपलं हे पहिलं अंतराळस्थानक सोडलं. उड्डाणानंतर जेमतेम मिनिटभरात त्याच्या अंगावरचं संरक्षक आवरण फाटून उडून गेलं. जाताना वीज देणारा एक सौरपंख त्याने मोकळा केला, तो पुढे तुटून गेला, आणि दुसरा अडकवून ठेवला. आता वीज अपुरी आणि डोक्यावर उघडं ऊन. आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर. चंद्रपूरचा मे महिना, पण खिडकी उघडायची सोय नाही! अन्न, औषधं, फिल्म सगळं खराब व्हायची भीती.

तिघे अंतराळवीर दुसऱ्याच दिवशी निघायचे होते. त्यांचं जाणं दहा दिवस पुढे ढकललं, आणि त्या दहा दिवसांत जमिनीवर एकच धांदल उडाली. ह्यूस्टनमधल्या जॅक किन्झलर या तंत्रज्ञाने चक्क मासेमारीच्या, एकात एक सरकणाऱ्या काठ्या आणून छत्रीचा नमुना करून दाखवला. भिंतीतल्या छोट्या झडपेतून मिटलेली बाहेर सरकवायची आणि बाहेर गेल्यावर उघडायची. मला विचाराल तर सगळ्या मोहिमेतली सर्वांत हुशार कल्पना हीच.

२५ मे रोजी पीट कॉनरॅड, जोसेफ केर्विन आणि पॉल वाइट्झ निघाले. पोहोचल्यावर वाइट्झ यानाच्या दारातून अर्धा बाहेर आला, केर्विनने त्याचे पाय धरले, आणि लांब काठीने अडकलेला पंख ओढून पाहिला. पंख ढिम्म हलला नाही. त्यात यान स्थानकाला जोडलंही जाईना. बरीच खटपट केल्यावर एकदाचं जुळलं. दुसऱ्या दिवशी छत्री उघडली. थोडी चुरगळलेली, पण सावली पडली आणि पारा उतरू लागला.

विजेचं दुखणं मात्र राहिलंच होतं. ७ जूनला कॉनरॅड आणि केर्विन बाहेर पडले. पंखाला धरून बसली होती ॲल्युमिनियमची एक क्षुल्लक पट्टी. लांब दांड्याच्या कात्रीने ती कापायची, पण बाहेर पाय रोवायला जागाच नाही. केर्विनने आपली दोरी आखडून घेऊन स्वतःला कसंबसं जखडलं. पट्टी कापली, तरी पंख उघडेना; बिजागरी गोठली होती. मग कॉनरॅडने पंखाला बांधलेला दोर खांद्यावर घेतला आणि जोर लावून उभा राहिला. पंख एकदम सुटला आणि दोघेही अवकाशात भिरकावले गेले. दोऱ्या होत्या म्हणून बरं!

तिघे २८ दिवस राहून २२ जूनला परतले. सर्वाधिक दिवस अंतराळात राहण्याचा त्याआधीचा विक्रम होता सोव्हिएत सोयूझ-११ यानातल्या तिघांचा, जे १९७१ मध्ये परतीच्या वाटेवरच दगावले. या दुरुस्तीमुळेच पुढच्या दोन तुकड्या तिथे ५९ आणि ८४ दिवस राहू शकल्या. कॉनरॅड त्याआधी चंद्रावर चालून आलेला. १९७८ साली त्याला अमेरिकेचं अंतराळ सन्मानपदक मिळालं, ते मात्र स्कायलॅबच्या कामगिरीसाठी.