ओकोन्कोलोपासून सुरुवात : मातान्सासमध्ये ढोल शिकताना

[काळा पडदा. लाकडावर लाकूड वाजतंय.]

मनात १ ते १६ मोजा. एकाच लयीत, घाई न करता. १, ४, ८, ११ आणि १३ वर टाळी द्या. १६ संपले की लगेच पुन्हा १. ही रुम्बाची, म्हणजे क्युबातल्या ढोल-गाणं-नाचाच्या प्रकाराची, क्लावे, तिचा मूळ ठेका. त्रितालात मुरलेल्या हाताला यातली पहिल्या आणि तेराव्या मात्रेवरची टाळी सहज सापडते, मधल्या मात्र दगा देतात. आठवरची टाळी सातवर सरकली, की तीच 'सोन' नावाच्या वेगळ्या गानप्रकाराची क्लावे होते. या एका मात्रेवरून जुने वादक चालू वादन थांबवतात आणि ज्याची चूक झाली त्याच्याकडे शांतपणे बघतात.

ही मात्रा अंगात मुरवायला दूरदूरच्या देशांतून माणसं क्युबात येतात. बहुतेकांचा हात आधीच तयार असतो. कुणी जाझमध्ये ड्रम वाजवतो, कुणी साल्सा बँडमध्ये काँगा ढोल. राजधानी हवानात शनिवार-रविवारच्या रुम्बा ऐकून, हामेलच्या गल्लीतली रंगवलेली भित्तिचित्रं बघून अनेक जण परततात. ज्यांना राहावत नाही, ते पुढे मातान्सासला जातात. आपणही तिकडेच निघालोय.

[महामार्ग. डावीकडे समुद्र.]

मातान्सास हवानाच्या पूर्वेला, साधारण १०० किलोमीटरवर. वाटेत बाकुनायाग्वाचा उंच पूल लागतो. शहरात यूमुरी आणि सान हुआन या नद्या उपसागराला मिळतात, आणि त्यांच्यावरचे पूल ओलांडल्याशिवाय इथे कुठलंच काम होत नाही.

या शहरातल्या ढोलांची गोष्ट साखरेपासून सुरू होते. १७९१ मध्ये आजच्या हैतीत गुलामांनी उठाव केला, तिथले मळे बसले आणि साखरेचा धंदा क्युबाकडे वळला. मातान्सासच्या आसपास उसाचे मळे आणि घाणे उभे राहिले, आणि ते चालवायला आफ्रिकेतून माणसं आणली गेली. त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतलं ओयोचं राज्य कोसळत होतं. लढायांत पकडलेले योरुबा लोक जहाजांत भरले गेले. क्युबात त्यांना लुकुमी म्हणू लागले. काँगोकडचे वेगळे, दाहोमीकडचे वेगळे, कालाबारकडचे वेगळे. प्रत्येकाची भाषा, देव आणि ढोल निराळे. क्युबातली गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८६ मध्ये.

हे सगळं टिकलं कसं? स्पॅनिश सरकारनं एकेका आफ्रिकी समाजाला आपापली मंडळं काढायची मुभा दिली होती, त्यांना कबिल्दो म्हणत. सणावारी तिथे ढोल वाजत. सरकारच्या हिशोबी ती माणसांवर लक्ष ठेवायची सोय होती. माणसांनी मात्र तिथे आपले देव, गाणी आणि ताल जपले, पोरांच्या हाती दिले. आज मातान्सासमध्ये एखादा वादक 'हे आमच्या घरातलं आहे' म्हणतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात पणजोबाचा कबिल्दो असतो.

[अंगण. दोरीवर कपडे वाळताहेत. तीन ढोल, तीन खुर्च्या.]

शिकवणी अशी अंगणातच होते. मास्तर साठीतले. समोर तीन बाता ढोल. दोन्ही तोंडांना कातडं, मध्ये कमरेत बारीक, मांडीवर आडवे घेऊन वाजवायचे. सगळ्यात मोठा इया, मधला इतोतेले, सगळ्यात छोटा ओकोन्कोलो. तिघांची मिळून सहा तोंडं, आणि त्या सहा तोंडांतून एकच गाणं उभं राहतं.

इयाच्या मोठ्या तोंडाकडे जरा जवळून बघा. कातड्याच्या मध्यावर तपकिरी, चिकट लेप आहे. फार्देला म्हणतात त्याला, राळेचा असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा काय करतो ते सांगायला नको. खणखण मरते आणि आवाजाला खोली येते. मास्तर बोलता बोलता अंगठ्यानं तो लेप दाबत, सरकवत असतात. हवा दमट असली की त्यांचा अंगठा थांबतच नाही.

नव्या विद्यार्थ्याला मिळतो ओकोन्कोलो. तो कितीही मोठा वादक असो, सुरुवात इथूनच. हातात येतो दोन-तीन आघातांचा तुकडा, आणि तोच वाजवत राहायचं. पहिल्या दिवशी सोपा वाटतो, कारण विद्यार्थी एकटाच वाजवत असतो. खरी परीक्षा इया शिरला की होते. आपण ज्या आघाताला ठोका समजत होतो, तो अचानक ठोक्याच्या मधला वाटायला लागतो. जमीन फिरल्यासारखं होतं. हात तेच करतोय, पण कानानं बाजू बदलली. विद्यार्थी पाय आपटून मोजू लागतो, आणि मोजू लागला की हमखास पडतो.

मास्तर त्याला समजावून सांगत नाहीत. ते गायला लागतात. देवाचं गाणं, लुकुमी भाषेत. उभे राहून दोन पावलं टाकतात, आणि ठोका कुठे आहे ते त्यांच्या टाचेत दिसतं. मग शेजारचा पोरगा ओकोन्कोलो घेतो. असेल बारा-तेरा वर्षांचा. डोळे रस्त्यावर, हात ढोलावर. त्याला कुणी कधी शिकवलेलं नाही. तो या आवाजात रांगलाय.

इया हा या तिघांतला पुढारी. तो हाक देतो, इतोतेले उत्तर देतो, आणि ओकोन्कोलो दोघांना धरून ठेवतो. योरुबा ही सुरांची भाषा, शब्दाचा अर्थ स्वराच्या उंचीवर ठरतो. म्हणून आफ्रिकेत हे ढोल खरोखर बोलतात. क्युबात भाषा विरत गेली, तरी ढोलांचं हे हाक-उत्तर राहिलं. समारंभ सुरू होताना देवघरासमोर, कुणी काही न गाता, एकामागून एक ओरिचांसाठी, म्हणजे देवांसाठी, ताल वाजवले जातात. याला ओरू म्हणतात. पहिला मान एलेग्वाचा, कारण वाटा उघडणारा तो. ओरू पूर्ण येणं हे विद्यार्थ्याचं स्वप्न असतं, आणि त्यात वर्षं जातात.

[पडद्यावर जुनी छायाचित्रं.]

क्युबातला पहिला अभिमंत्रित बाता-संच १८३०च्या सुमारास हवानात आन्याबी आणि आतान्दा या दोन लुकुमी माणसांनी घडवला, असं फर्नांदो ओर्तिस या संशोधकानं नोंदवून ठेवलंय. याच ओर्तिस यांनी १९३६ मध्ये हवानात बाता ढोल व्याख्यानासाठी पहिल्यांदा जाहीर मंचावर आणले. ते ढोल अभिमंत्रित नव्हते, मुद्दाम वेगळे केलेले होते. तो भेद आजही तसाच पाळला जातो.

अभिमंत्रित ढोलांत आन्या नावाची देवता वसते, अशी श्रद्धा आहे. या ढोलांना फुंदामेंतो म्हणतात. ते जमिनीवर टेकवत नाहीत, आणि दीक्षा घेतलेल्या पुरुषांखेरीज कुणी वाजवत नाही. शिकवणीतले ढोल साधे, आबेरिकुला. त्यांच्यावर कुणीही शिकावं. परदेशातून येणाऱ्यांत बायका खूप असतात आणि त्या मनापासून शिकतात. हवानातल्या बायकांनी १९९०च्या दशकात ओबिनी बाता हा स्वतःचा गट काढला आणि मंचावर उत्तम वाजवून दाखवलं. फुंदामेंतोचा नियम मात्र तसाच आहे. त्यावर वाद घालायचा हक्क आधी या घरांतल्या लेकीसुनांचा आहे, असं मला वाटतं. पाहुण्यानं दारात थांबावं. या चित्रफितीत तुम्हाला समारंभ दिसणार नाही तो याच कारणानं. आम्ही परवानगी मागितलीच नाही.

[यूमुरीकाठची ला मारिना वस्ती. संध्याकाळ.]

रुम्बाला असं दार नाही. ती रस्त्याची, चाळीच्या अंगणाची. ढोल नव्हते किंवा वाजवू देत नव्हते तेव्हा लोकांनी खोकी वाजवली. सुकवलेल्या कॉड माशाचं खोकं खर्जाला, मेणबत्त्यांचं छोटं खोकं वरच्या आवाजाला. आज तुंबादोरा आहेत, ज्यांना आपण काँगा म्हणतो. पण खोकी अजून निघतात, आणि निघाली की म्हातारी माणसं खुर्ची पुढे ओढतात.

ला मारिनात १९५२ साली काही तरुणांनी ग्वाग्वान्को मातान्सेरो हा गट काढला. कॉमिक्समधल्या पात्रांवरचं त्यांचं एक गाणं इतकं गाजलं की लोक त्यांना मुन्येकितोस, म्हणजे कॉमिक्स, म्हणू लागले, आणि लॉस मुन्येकितोस दे मातान्सास हे नाव कायमचं चिकटलं. मागोमाग १९५७ मध्ये आफ्रोकुबा दे मातान्सास आला. या दोन गटांच्या घराघरांतून कितीतरी परदेशी विद्यार्थी तयार झाले.

रुम्बाचे तीन प्रकार. याम्बू संथ, थकलेल्या पावलांनाही झेपणारी. ग्वाग्वान्कोत पुरुष झेपावतो आणि बाई त्याला चुकवते. कोलुम्बिया खेड्यातली, एकट्यानं नाचायची. तिघींत वरचा, टिपेचा ढोल किन्तो. कोलुम्बियात नाचणारा खांदा उडवतो आणि किन्तो त्याच क्षणी बोलतो. कोण कुणाला खेळवतंय हे शेवटपर्यंत कळत नाही. किन्तो शिकवता येत नाही, असं मास्तर म्हणतात. आधी नाच शिका, मग बघू. विद्यार्थी हिरमुसतात. पण खरंच, ज्याला पाऊल दिसत नाही त्यानं किन्तोला हात लावू नये.

मला खटकतात ते ताल गोळा करणारे. पंधरा दिवसांत पाच मास्तर, फोनमध्ये चाळीस चित्रफिती, आणि घरी गेल्यावर कार्यशाळेची जाहिरात. हवानात एक ताल एका वळणानं वाजतो, मातान्सासमध्ये दुसऱ्या. दोन्ही अर्धवट घेऊन तिसरंच काही वाजवलं, की इथलं कुणी त्यात शिरूच शकत नाही. याउलट जे एका घरी, एकाच ढोलावर टिकून बसतात, त्यांना एके दिवशी मास्तर काही न बोलता इतोतेले देतात.

[रात्र. कंदील.]

ही शिकवणी उपजीविकाही आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबात भयानक टंचाई आली. १९९३ मध्ये डॉलर बाळगायला परवानगी मिळाली, १९९७ पासून लोक रीतसर परवाना काढून घरातल्या खोल्या पाहुण्यांना देऊ लागले. परदेशी विद्यार्थ्याची फी म्हणजे तेल, साबण, मुलांचे बूट. आजही परिस्थिती बिकट आहे. १८ ऑक्टोबर २०२४ ला याच मातान्सासमधलं आन्तोनियो गितेरास वीजकेंद्र बंद पडलं आणि सबंध देश अंधारात गेला. पंखा नाही, पाण्याचा पंप नाही. ढोलाला वीज लागत नाही, म्हणून शिकवणी होते. पण वादक देश सोडून चाललेत, आणि तीन ढोलांना तीन जाणती माणसं लागतात. कधी इया तयार असतो आणि इतोतेले वाजवायला कुणी नसतं. युनेस्कोनं २०१६ मध्ये रुम्बाला मानवतेच्या अमूर्त वारशात नोंदवलं, त्याचा इथे सगळ्यांना अभिमान आहे. त्या वारशाला आज गरज आहे ती रोज संध्याकाळी खुर्चीवर येऊन बसणाऱ्या माणसांची.

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल, तर स्पॅनिश थोडी शिकून जा, कारण रुम्बाची गाणी आणि टोमणे दोन्ही तिच्यातच येतात. फी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. सोबत वाजवायला बोलावलेल्या दोघांनाही पैसे द्या, ते विसरलं जातं. मास्तरांचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर विचारा, आणि पुढे कुठे वाजवलंत तर कुणाकडून घेतलं ते नावानिशी सांगा. बॅगेत काँगाची कातडी आणि ताण द्यायच्या पान्याला जागा ठेवा, तिथे मिळणं अवघड आहे. साध्या तापाच्या, पोटाच्या गोळ्याही न्या. कातडं किती व्यासाचं हवं ते निघण्याआधी मास्तरांना फोन करून विचारून घ्या.