वाचताना ओरडा, लिहिताना चिडीचूप

पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या क्लासचा (ऑब्जेक्ट ज्यातून बनतात त्या साच्याचा) विषय निघाला की गाडी लगेच प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेडवर, म्हणजे आतली माहिती बाहेरच्यांपासून झाकणाऱ्या शब्दांवर, जाते. मुलाखतीत तेच विचारतात, कॉलेजात तेच पाठ करून घेतात. आज मी त्याला दुय्यम जागा देणार आहे. ऑब्जेक्टमधलं कोणी काय वाचतं, यापेक्षा त्यात कोणी काय लिहितं हा प्रश्न मला कितीतरी मोठा वाटतो. आणि प्रायव्हेट आल्यानंतर पीएचपीनं त्याला हात घालायला अठरा वर्षं घेतली.

बिल नावाचा एक क्लास घ्या. त्यात रक्कम, डिस्काउंट आणि कर अशा तीन पब्लिक प्रॉपर्टी (कुणालाही उघडे असलेले माहितीचे रकाने) डिक्लेअर केलेल्या, म्हणजे नावानिशी आधीच लिहिलेल्या आहेत. दुसऱ्या कुठल्यातरी फाइलमध्ये कोणीतरी घाईघाईत डिस्काउंटचं स्पेलिंग चुकवलं, दोन अक्षरं उलटी पडली, आणि त्यात २०० भरले. पीएचपीची आवृत्ती ८.२ च्या आधीची असेल तर काहीही होत नाही. त्या ऑब्जेक्टवर चुकलेल्या नावाची नवी प्रॉपर्टी गुपचूप तयार होते, २०० तिच्यात जाऊन बसतात, खरा डिस्काउंट शून्यच राहतो आणि गिऱ्हाइकाला पूर्ण रकमेचं बिल जातं. लॉगमध्ये एक ओळ सापडत नाही. हेच चुकीचं नाव वाचायला गेलात तर मात्र पीएचपी ७ मध्ये नोटिस येत होती, आणि ८ पासून वॉर्निंग येते. म्हणजे वाचणाऱ्यावर ओरडायचं आणि लिहिणाऱ्याला मोकळं सोडायचं!

तुम्ही म्हणाल, सगळ्या प्रॉपर्टी प्रायव्हेट केल्या असत्या तर? तरीही हे झालंच असतं. प्रायव्हेट हा शब्द डिक्लेअर केलेल्या नावांचं रक्षण करतो. जे नाव क्लासला माहीतच नाही, त्याबद्दल तो काही बोलत नाही. शिवाय पीएचपीत प्रायव्हेटची हद्द क्लासपुरती असते, ऑब्जेक्टपुरती नाही. एका बिलाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) दुसऱ्या बिलाची प्रायव्हेट प्रॉपर्टी खुशाल वाचू शकते, बदलूही शकते. दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे तपासताना ते सोयीचं पडतं. पण ‘माझ्या ऑब्जेक्टला आता कोणी हात लावणार नाही’ असं समजून निर्धास्त झालेले लोक मी पुष्कळ पाहिलेत.

इतिहास थोडक्यात सांगतो. पीएचपी ४ मध्ये प्रॉपर्टी व्हार लिहून डिक्लेअर करायची, आणि सगळं काही सगळ्यांना उघडं. आत हात घालू नये असं सुचवायचं असेल तर नावाआधी अंडरस्कोर द्यायचा, बाकी भरवसा माणसांवर. २००४ च्या जुलैत पीएचपी ५ आली आणि तिच्याबरोबर पब्लिक, प्रोटेक्टेड, प्रायव्हेट आले. मग २०१९ च्या नोव्हेंबरात ७.४ मध्ये प्रॉपर्टीला टाइप, म्हणजे तिच्यात कुठल्या प्रकारची किंमत चालेल ते, देता येऊ लागला. तोवर नाव बरोबर असलं तरी त्यात पूर्णांक जाईल, स्ट्रिंग (मजकूर) जाईल की आख्खा ॲरे (यादी) जाईल याला धरबंध नव्हता.

टाइपबरोबर एक नवी अवस्था आली, ती नीट समजून घ्या. टाइप नसलेल्या प्रॉपर्टीला सुरुवातीची किंमत दिली नाही, तर तिच्यात आपोआप नल, म्हणजे ‘काहीच नाही’ ही किंमत, असतो. टाइप असलेलीत नलसुद्धा नसतो. ती डिक्लेअर झालेली असते, पण भरलेली नसते. भरायच्या आधी वाचलीत तर थेट एरर. सुरुवातीला लोक यावर वैतागले. मला विचाराल तर ७.४ मधली ही सगळ्यात कामाची गोष्ट. कन्स्ट्रक्टरनं (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडनं) आपलं काम अर्धवट सोडलं, हे वापराच्या पहिल्याच फटक्यात कळतं. एक मात्र ध्यानात ठेवा. इंट (पूर्णांक) टाइपच्या प्रॉपर्टीत ‘२००’ ही स्ट्रिंग टाकली तर पीएचपी एरवी तिचा आकडा करून घेते. ते नको असेल तर स्ट्रिक्ट टाइप्स (टाइपची कडक तपासणी) चालू करावे लागतात. आणि ते तपासले जातात लिहिणाऱ्याच्या फाइलमध्ये, क्लासच्या फाइलमध्ये नव्हे.

८.१ मध्ये रीडओन्ली आलं. क्लासच्या आतून एकदा किंमत भरायची, पुढे बदल नाही. छानच आहे, पण त्याची धाव प्रॉपर्टीपर्यंतच. रीडओन्ली प्रॉपर्टीत डेटटाइमचा ऑब्जेक्ट ठेवलात तर त्याच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. पण त्याच्यावर मॉडिफाय मेथड चालवली की तारीख बदललीच. तिथे न बदलणारा डेटटाइम इम्यूटेबल वापरा.

आता ८.२. डिसेंबर २०२२. डिक्लेअर न केलेली प्रॉपर्टी तयार करणं डेप्रिकेट झालं (अजून चालतं, पण सोडून द्या असा इशारा मिळतो), आणि ९.० मध्ये त्याची एरर होणार असं ठरलं. एसटीडीक्लास या पीएचपीच्या तयार रिकाम्या क्लासला सूट आहे, कारण जेसन या डेटाच्या स्वरूपातून काय काय नावं येतील हे आधी कोण सांगणार? सेट ही मॅजिक मेथड (अनोळखी नावात लिहिताना आपोआप चालणारी) ज्यानं लिहिली आहे त्या क्लासलाही अडचण नाही, तिथे काय करायचं ते ती मेथड ठरवते. डिक्लेअर करण्याचा फायदा वेगातही आहे. डिक्लेअर केलेल्या प्रॉपर्टी रजिस्टरच्या छापील रकान्यांसारख्या असतात, कुठली कितव्या जागी हे क्लासला आधीच ठाऊक असतं. आयत्या वेळच्या प्रॉपर्टीसाठी त्या ऑब्जेक्टपुरता वेगळा हॅश टेबल (नावावरून किंमत शोधायचा तक्ता) उभारावा लागतो.

पण डेप्रिकेट म्हणजे नुसती सूचना. पीएचपीबरोबर प्रॉडक्शनसाठी जी सेटिंग्जची नमुन्याची आयएनआय फाइल येते, तिच्यात डेप्रिकेटेड सूचना बंदच असतात. त्यामुळे सर्व्हर ८.२ वर नेऊनही अनेकांना त्या ओळी कधी दिसल्याच नाहीत. आधी त्या लॉगमध्ये चालू करा. स्क्रीनवर नको, लॉगमध्ये. मग यादी हातात घ्या आणि प्रत्येक नाव बघा. काही निव्वळ स्पेलिंगच्या चुका निघतील, बहुतेक डिक्लेअर करायची राहून गेलेली असतील. ती क्लासमध्ये लिहून टाका. दुसऱ्याच्या क्लासच्या ऑब्जेक्टला आपली माहिती चिकटवलेली असेल तर ८.० पासून वीकमॅप हा ऑब्जेक्टनुसार नोंदी ठेवणारा क्लास आहे. माहिती बाहेर राहते, आणि ऑब्जेक्ट गेला की त्याची नोंदही जाते.

अलाऊ डायनॅमिक प्रॉपर्टीज हा ॲट्रिब्यूट (कोडवर लावायची खूण) क्लासवर लावून सूचना गप्प करता येते, हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरनं आपल्या ६.१ आवृत्तीत आपल्या गाभ्यातल्या क्लासना तो लावला. त्यांचं मी समजू शकतो. जगभरची प्लगिन्स त्या ऑब्जेक्टवर काय काय चिकटवत असतील, याचा हिशेब त्यांच्या हातात नाही. तुमच्या बिल क्लासचं तसं नाही, तो वापरणारा सगळा कोड तुमच्याच रेपोत (कोडच्या साठ्यात) आहे. आणि तरीही तो ॲट्रिब्यूट लावायची वेळ आलीच, तर एकेका क्लासवर लावा. सगळ्यांच्या वर बसलेल्या बेस क्लासवर लावू नका. तो वारशानं खाली उतरतो, आणि पुढच्या वर्षी लिहिलेल्या नव्या क्लासमध्येही डिस्काउंटचं चुकलेलं स्पेलिंग पुन्हा मुकाट्यानं खपून जातं.