उजेडावर न जगणारा प्रवाळ

(दृश्य: अंधारी बैठकीची खोली. टाकीवर लाल बॅटरीचा मंद उजेड.)

नाशिकमध्ये गंगापूर रस्त्यावरील या घरात रात्री साडेनऊला समुद्री जीवांच्या काचेच्या टाकीचे दिवे मालवले जातात, आणि त्यानंतरच टाकीतल्या सर्वांत देखण्या प्राण्याला जाग येते. दिवसभर नारिंगी गाठींच्या ढेकळासारखा दिसणारा हा प्रवाळ आता एकेका गाठीतून पिवळसर, अर्धपारदर्शक संस्पर्शक, म्हणजे बोटांसारखे बारीक अवयव, बाहेर काढू लागला आहे. अशी एकेक गाठ म्हणजे एकेक पॉलिप, प्रवाळाचा एक छोटा जीव; तो जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, पण सारे उमलले की खालचा दगड दिसेनासा होतो. शौकीन मंडळी याला सन कोरल म्हणतात. नावात सूर्य असला तरी उन्हाशी याचे काहीही देणेघेणे नाही.

घरगुती रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळांच्या टाकीत, सहसा ठेवले जाणारे प्रवाळ आपल्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल सांभाळतात, आणि ते शैवाल प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते; त्यामुळे तिथे चांगला दिवा लावला की पोटाची बरीचशी सोय होते. ट्यूबास्ट्रिया या प्रजातीतील सन कोरलजवळ असे शैवाल नाही. प्रवाहाबरोबर येणारे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, डंख मारणाऱ्या दंशपेशींनी पकडावे आणि त्यावर गुजराण करावी, एवढाच त्याचा मार्ग आहे. टाकीत तो प्रवाह आणि ते प्लवक, दोन्ही पुरवण्याचे काम पाळणाऱ्याच्या गळ्यात पडते.

(दृश्य: स्टीलची वाटी, वितळणारी मायसिसची वडी, लांब नळीचा ड्रॉपर.)

गोठवलेल्या मायसिस या इवल्या झिंग्यांची वडी टाकीच्याच पाण्यात वितळवली जाते. त्या वाटीतले थोडेसे पाणी आधी प्रवाळाच्या दिशेने सोडायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, कारण अन्नाचा वास लागल्यावरच मिटलेले पॉलिप पुरते उघडतात. मग पंप बंद करून, ड्रॉपरने एकेका पॉलिपच्या संस्पर्शकांवर एकेक मायसिस अलगद ठेवला जातो. जवळून पाहिले तर दिसते की संस्पर्शक प्रथम चिकटतात, नंतर आतल्या बाजूला झुकतात, आणि मधली चिरेएवढी तोंडफट ताणली जाऊन झिंगा सावकाश आत सरकतो. एकमेकांना जोडलेल्या पॉलिपच्या या वसाहतीत बेचाळीस पॉलिप आहेत. एकालाही वगळून चालत नाही, कारण शेजाऱ्याने खाल्लेले उपाशी पॉलिपला फारसे पोचत नाही, आणि उपासमार झाली की दोन पॉलिपमधली नारिंगी त्वचा विरून पांढरा सांगाडा उघडा पडू लागतो.

यात चोरही असतात. सफाई करणारा झिंगा पॉलिपच्या तोंडात गेलेला घास खेचून काढतो, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती घुमटासारखी वसाहतीवर उपडी ठेवायची आणि बुचाच्या भोकातून भरवायचे, हा उपाय येथे वापरला जातो. दिसायला तो अगदीच गबाळा आहे, पण महागड्या उपकरणांपेक्षा त्याचाच उपयोग अधिक होतो.

आठवड्यातून तीनदा हे चालते. आता खरी अडचण सुरू होते, कारण दिलेल्या अन्नातून आणि विष्ठेतून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठतात, शैवाल माजते आणि ते प्रवाळाच्या सांगाड्यावरच पसरू लागते. म्हणून वसाहत कपारीच्या सावलीत ठेवलेली आहे, पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर अखंड चालू असतो, आणि दर आठवड्याला काही पाणी बदलले जाते. ज्या जिल्ह्यात द्राक्षबागाईतदार फॉस्फेट विकत आणून वेलीला घालतात, त्याच जिल्ह्यात या टाकीचे मालक ते पाण्यातून काढण्यासाठी पैसे मोजतात, हे सांगताना त्यांनाच हसू येते.

बदलायचे समुद्राचे पाणीही घरीच तयार होते. नळाचे पाणी आरओ या शुद्धीकरण यंत्रातून काढून त्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात समुद्री क्षार मिसळले जातात. नाशिकच्या हिवाळ्यात पारा 10 अंशांखाली उतरतो तेव्हा हीटर आणि एप्रिल-मेच्या उन्हात चिलर, यांच्या आधाराने टाकी 25 अंशांच्या आसपास राहते. वीज गेली तर हवेच्या पंपाला बॅटरी जोडलेली आहे. एकदा भरवल्यानंतर लगेच वीज गेली आणि तीन तास प्रवाह थांबला, तेव्हा पहाटेपर्यंत दोन मासे दगावले होते.

सन कोरल हा उजेडावर न जगणाऱ्या प्रवाळांमधला तुलनेने सोसणारा प्राणी आहे. डेंड्रोनेफ्थिया हा गुलाबी-लाल, फुलांच्या गुच्छासारखा मऊ प्रवाळ पाहून भुरळ पडते, मात्र तो ठेवू नये असेच आमचे मत आहे. तांबड्या समुद्रातील संशोधकांनी 1995 मध्ये दाखवून दिले की त्याच्या आहाराचा मुख्य भाग वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, आहे, आणि ते त्याला जवळजवळ अखंड लागते. घरातल्या टाकीत तो बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झिजत जातो.

कायद्याचाही विचार आवश्यक आहे. सर्व दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा कागदपत्रांविना कोणी प्रवाळ देऊ केला तर तो घेऊ नये. या वसाहतीच्या आयातीचे कागद टाकीखालच्याच कपाटात आहेत. टाकीतले पाणी किंवा तुकडे बाहेरच्या जलाशयात किंवा समुद्रात सोडणेही वर्ज्य आहे: ट्यूबास्ट्रिया कॉक्सिनिया ही जाती मूळची हिंदी आणि प्रशांत महासागरातली, पण 1943 मध्ये कॅरिबियन समुद्रात तिची नोंद झाली आणि पुढे ब्राझीलच्या किनाऱ्यापर्यंत तिने बस्तान बसवले. टाकीत हाताने भरवावा लागणारा प्राणी तिथल्या खडकांवरून स्थानिक जीवांना हुसकावतो.

(दृश्य: मागची काच. बॅटरीचा झोत एका ठिपक्यावर स्थिरावतो.)

मागच्या काचेवर, पंपाच्या सावलीत, मोहरीएवढा एक नारिंगी ठिपका गेल्या महिन्यात दिसला. वसाहतीतून निघालेली एखादी अळी, म्हणजे प्रवाळाचे तरंगते पिल्लू, तिथे चिकटली असावी. मायसिस त्याच्या तोंडात मावत नाही, म्हणून आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलट्या बाटलीत आर्टेमिया या झिंग्यासारख्या बारीक जीवाची अंडी घातली आहेत. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडले की साधारण 24 तासांत त्यांतून पिल्ले बाहेर येतात, बॅटरी दाखवताच ती उजेडाकडे गोळा होतात, आणि मग ड्रॉपर घेऊन तो ठिपका शोधावा लागतो.