बोरघाट, सायकलवरून

नमस्कार, श्रोतेहो. एक्सप्रेस वेने पुण्याला निघालात की बोरघाट कधी आला आणि कधी सरला, पत्ताच लागत नाही. गाडीच्या काचा बंद असतात, आत गप्पा रंगलेल्या असतात. आज मी सांगणार आहे तो घाट सायकलवरून, तोही जुन्या रस्त्याने चढायचा. खोपोलीहून खंडाळ्याला.

हा रस्ता मुळात बैलगाडीचा. त्याआधी इथून माल जायचा तो बैलांच्या पाठीवर लादून, आणि साहेबलोक जायचे घोड्यावरून नाहीतर पालखीतून. चाकाची गाडी सरळ घाट चढू लागली ती १८३० साली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १० नोव्हेंबर १८३० रोजी हा रस्ता खुला झाला. म्हणजे आगगाडीच्या तेहतीस वर्षं आधी. लक्षात ठेवा, आधी बैलगाडी, मग आगगाडी.

याच रस्त्यावरचा एक दगडी पूल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, अमृतांजन पूल. बामच्या जाहिरातीवरून पडलेलं नाव. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा होता, तेव्हा तो सुरुंग लावून पाडला. वाहतुकीला अडचण होती, हे मला मान्य आहे. पण त्याचे घडीव दगड क्रमांक घालून जवळपासच कुठेतरी पुन्हा रचता आले असते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. एकशे नव्वद वर्षं उभी असलेली वस्तू होती ती.

असो. सायकलकडे येऊ. जाड टायरची, गिअरची माउंटन बाईक घ्या. मागून ट्रक आला की डांबर सोडून कडेच्या खडीवर उतरावं लागतं, तिथे बारीक टायर घसरतो. खोपोली आहे जवळजवळ तळाला, आणि खंडाळा साडेपाचशे मीटर उंचीवर. चढ अंगावर येतो. तेव्हा खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेल्या तळ्याकाठी पाणी भरून घ्या आणि पहाटेच निघा. चढ लागायच्या आधी गिअर उतरवा. पुन्हा सांगतो, चढ लागायच्या आधी. ऐन चढावर जोर देऊन गिअर बदललात की साखळी उतरलीच म्हणून समजा.

वळणावर वळण घेत, धापा टाकत तुम्ही वर येता आणि रस्त्याच्या कडेला लागतं शिंगरोबाचं देऊळ. इथे थांबायचंच.

मागे माझा पुतण्या माझ्याबरोबर होता. आम्ही सायकली कठड्याला टेकवल्या. तेवढ्यात एक टेम्पो हळू झाला, खिडकीतून हात बाहेर आला आणि एक नाणं खणकन देवळापाशी पडलं. मागून दुसरी गाडी, पुन्हा नाणं. पुतण्या बघतच राहिला. तिथेच एक वयस्कर ट्रकड्रायव्हर नारळ फोडत होते. त्यानं त्यांनाच विचारलं, "काका, इथं पैसे का टाकतात?"

त्यांनी नारळाची कवड त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "बस. तुला माहीत नाही? हा धनगराचा देव आहे."

मग त्यांनी सांगितलेली कथा अशी. इंग्रजांना घाटातून वाट काढायची होती. दुर्बिणी लावल्या, नकाशे काढले, पण कड्यांपुढे काही चालेना. तेव्हा त्यांना भेटला मेंढरं राखणारा शिंगरोबा. लहानपणापासून याच डोंगरात वावरलेला. कुठे मेंढरू चढतं, कुठे पाय घसरतो, पावसाळ्यात कुठली दरड सुटते, सगळं त्याला ठाऊक. तो पुढे चालला, साहेब मागे. वाट सापडली. साहेब खूश झाला, म्हणाला, "माग काय हवं ते. पैसा माग, जमीन माग."

इथे काका थांबले. पुतण्यानं खोबरं चावायचंही थांबवलं होतं.

"शिंगरोबा म्हणाला, माझा देश सोडून जा. आमचं राज्य आम्हाला परत द्या." काकांनी हाताची बंदूक केली. "तिथंच गोळी घातली त्याला."

कोणी म्हणतं ही वाट रस्त्याची, कोणी म्हणतं रेल्वेची. ही दंतकथा आहे, मी ती दंतकथा म्हणूनच सांगतो. पण माझा तिच्यावर फार जीव आहे. रेल्वेच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर माणसं राबत होती, हजारो इथेच मेली. फलकावर नाव आलं ते गव्हर्नरसाहेबाचं. घाटातल्या माणसांनी मात्र देऊळ बांधलं ते मेंढपाळाचं, आणि गाडीवाले आजही त्याला मान देतात.

जाताना काका पुतण्याला म्हणाले, "टोल सरकारचा, हा शिंगरोबाचा." पोरानं सायकलच्या पिशवीतून पाच रुपये काढले आणि पायरीवर ठेवले.

इथून वर जपून. घाटात काही अंतर जुना रस्ता आणि एक्सप्रेस वे एकमेकांत मिसळतात, आणि एक्सप्रेस वेवर सायकलला बंदी आहे. तेव्हा तिथले फलक आणि पोलीस सांगतील तसंच जा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा. त्या गर्दीत सायकलवाल्याला कोणी विचारत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या, तेव्हा नागफणीचा सुळका स्वच्छ दिसतो.

आणि परत उतरताना दोन्ही ब्रेक आळीपाळीनं दाबा. सतत दाबून धरलेत तर रिम तापते. दोन्ही ब्रेक, आळीपाळीनं.

लोणावळ्यात पोचलात की चिक्की खा, पण गुळाची. साखरेच्या चिक्कीला मी चिक्की मानत नाही. पायात दम उरला असेल तर तसेच पुढे कार्ल्यापर्यंत जा, रस्ता आता बराचसा सपाट आहे. तिथल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं खांबांवर कोरलेली आहेत. कोकणातून देशावर जाणारे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी याच बाजूनं घाट चढून येत होते. नमस्कार.