रक्त मोजा, अंदाज बांधू नका

मित्रहो,

बाळ रडलं, वार पडली की बाहेर पेढ्यांची गडबड सुरू होते. आतल्या सिस्टरची परीक्षा मात्र तेव्हाच सुरू होते. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर पिशवीचे स्नायू आवळतात, त्यांच्या जाळीत रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. पिशवी सैल राहिली तर ते थांबत नाही. अशा रक्तस्रावाने जगात दरवर्षी हजारो बायका जातात.

या मृत्यूंमागे औषधाची टंचाई आहेच, पण मला सर्वांत जास्त टोचतं ते हे की रक्त किती गेलं हेच अनेकदा वेळेवर कळत नाही. रक्त चादरीत मुरतं, गर्भजलात मिसळतं, बादलीत जातं. बाई तरुण आणि धडधाकट असेल तर शरीर बराच वेळ तग धरतं. नाडी वाढते, पण ब्लडप्रेशर टिकून राहतं; ते कोसळतं तेव्हा हातात फारसा वेळ उरलेला नसतो. आधीच पंडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तर तेवढीही सवड मिळत नाही.

यावरचा साधा उपाय आपल्या बेळगावात घडला. प्लास्टिकची एक चादर बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. तिचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं होत खाली लोंबतं, त्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. रक्त तिथे साठतं आणि आकडा समोर दिसतो. तिथल्याच अभ्यासात डोळ्यांनी केलेला अंदाज चादरीच्या मापापेक्षा एक तृतीयांशाने कमी निघाला. त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएम सिस्टरांनी १,६२० बाळंतिणींवर पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी केली. २००६ साली तिचे निष्कर्ष आले: अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर उतरला. गोळी तोंडातून घ्यायची, तिला ना फ्रिज लागतो ना सुई. घरी होणाऱ्या बाळंतपणात याचं मोल किती, ते इथे बसलेल्या आशाताईंना मी सांगायला नको.

पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर याच विचाराची मोठी परीक्षा झाली. चादरीने मोजायचं, आणि रक्त जास्त दिसलं की पिशवीला मालीश, पिशवी आवळणारं इंजेक्शन, रक्ताची गुठळी टिकवून ठेवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकाच वेळी, वाट न बघता. पूर्वी एक उपाय करायचा, थांबायचं, मग दुसरा, अशी रीत होती. २०२३ साली निकाल आला. नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत अतिरक्तस्रावाच्या ९३ टक्के घटना वेळेवर ओळखल्या गेल्या, नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्केच. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी त्याची चाचणी व्हावी अशी उताकोबाईंची फार इच्छा होती. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी ती मनावर घेतली नाही. २१ देशांतल्या २० हजार बायकांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात, हे तिच्यातून दिसलं. उताकोबाई आदल्याच वर्षी वारल्या होत्या. एवढी वर्षं वाया गेली याचा मला आजही संताप येतो.

आता तुमच्या केंद्रातलं पाहा. पिशवी आवळणारं इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली आणि फ्रिज तापला तर कुपी दिसायला तशीच राहते, गुण मात्र उतरतो. म्हणून फ्रिजच्या तापमानाची नोंद रोज झाली पाहिजे, आणि चादर कपाटात नव्हे तर टेबलाजवळ, हाताशी असली पाहिजे. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी चादरीवरचा आकडा, नाडी आणि पिशवीचा कडकपणा कागदावर उतरवा.