आयर्लंडच्या बांधावरची औषधं

नमस्कार मंडळी, आज जायचंय आयर्लंडला, पण किल्ले-समुद्र बघायला नाही, तिथल्या बांधावरचं तण बघायला.

1937 ते 1939 मध्ये तिथल्या फोकलोर कमिशननं, म्हणजे लोकपरंपरा गोळा करणाऱ्या संस्थेनं, एक भारी काम केलं. 5,000च्या आसपास शाळांतल्या पोरांना सांगितलं, घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून आणा. पोरांनी भुताखेतांपासून हवामानापर्यंत सगळं लिहिलं, त्यात गावठी औषधांची पानंच्या पानं आहेत, आणि आता हे सगळं ऑनलाइन फुकट वाचता येतं.

त्यातलं नेटल घ्या, हात लागला की आग आग करणारं. तरी वसंतात त्याचे कोवळे शेंडे उकडून तीनदा खायचे म्हणजे वर्षभर रक्त साफ, असं सांगायचे. हसू नका हं, अख्खा हिवाळा बटाट्यावर काढलेल्या माणसाला ताजी हिरवी भाजी मिळाली तर बरं वाटणारच की! आणि अंगाला लागलंच तर जवळपास डॉक नावाचं तण असतंच, त्याचं पान चोळायचं. कापलं तर स्लानलस, म्हणजे रस्त्याकडेचं प्लँटेन नावाचं तण (केळ्यातलं प्लँटेन नव्हे), चावून जखमेवर दाबायचं.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते मलिन (mullein), लोकरीसारख्या पानांचं उंच झाड. टीबीवर तिथले लोक याची पानं दुधात उकळून द्यायचे, खास बागेत लावायचे सुद्धा. डब्लिनच्या डॉ. क्विनलन यांनी ते थट्टेवारी न नेता आपल्या पेशंट्सना देऊन बघितलं आणि 1883 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. आजार सुरुवातीचा असेल तर वजन वाढायचं, खोकला कमी व्हायचा, पण पुढे गेलेला टीबी काही बरा होत नव्हता, आणि तेही त्यांनी लिहिलं. (आता वजन पानांनी वाढलं की रोजच्या दुधानं, हे मात्र मला विचारू नका.) बाकी दूध नीट गाळायचं, नाहीतर पानांवरची बारीक लव घशाला खाजते.

बरं, ज्याच्याकडे असा इलाज असेल त्यानं पैसे घ्यायचे नाहीत, हा बऱ्याच ठिकाणी नियम, काही ठिकाणी तर पेशंटनं थँक्यू पण म्हणायचं नाही.

आणि एक, कॉम्फ्री. मुरगळलं, हाड मोडलं की तिची मुळी कुटून लेप लावायचे. पण तिच्यात लिव्हरला घातक अल्कलॉइड्स असतात, तेव्हा कुणी ऑनलाइन कॉम्फ्रीचा चहा विकत असेल तर सरळ पुढे स्क्रोल करा.